तहान लागायच्या आधी

"जाकीट काढ, बूट काढ आणि हलू नकोस," लाड सर म्हणाले.

तेजश्री काट्यावर उभी राहिली. काटा बेदाण्याच्या पेट्या मोजायचा, सरांच्या गोदामातला. सर तासगावच्या शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाले होते आणि आता घरचा बेदाण्याचा धंदा बघत होते. आम्हा सात-आठ हौशी मंडळींना पळायला तेच शिकवत. त्यांची एक पद्धत होती. लांब पळायला निघण्याआधी वजन करायचं आणि परत आल्यावर पुन्हा करायचं. जेवढं कमी भरेल तेवढा घाम गेला, असं समजायचं.

"एक्कावन्न पॉइंट चार," सरांनी वहीत लिहून घेतलं.

"अक्का, थंडी वाजतीय हो," तेजश्री पाय चोळत म्हणाली.

"पळायला लागलीस की जाईल. आधी ही बाटली संपव."

ती माझी धाकटी जाऊ. तेव्हा तिला तेहतिसावं लागलं होतं आणि मला चव्वेचाळीस. आमच्या घरात ती नऊ वर्षं होती, आणि ती नऊ वर्षं मी तिला काय घाल, काय खा, किती वाजता झोप हे सांगत आले होते. घरातली मोठी सून म्हटल्यावर ते माझं कामच, असं मी धरून चालले होते. पळायचं खूळही मीच आणलं घरात. सहा आठवड्यांनी मॅरेथॉन होती, बेचाळीस किलोमीटरची, दोघींची पहिलीच. पण तीन आठवड्यांपूर्वी माझा गुडघा सुजला आणि डॉक्टरांनी पळणं बंद करून टाकलं. गुडघा गेला तरी हौस गेली नव्हती. मग ती सगळी हौस मी तेजश्रीच्या पायांत घातली.

त्या रविवारी तिचं तीस किलोमीटरचं पळणं होतं, पंधरा जायचं, पंधरा यायचं. बाकीच्यांना त्या दिवशी लग्नकार्यं, शेतीची कामं, काहीतरी होतंच, म्हणून ती एकटीच पळणार होती आणि मी स्कूटरवरून बरोबर जाणार होते. स्कूटरवर माझ्या पायापाशी अर्ध्या अर्ध्या लिटरच्या बाटल्यांचं खोकं होतं.

"कुंदाताई," सर मला म्हणाले, "दर तीन किलोमीटरला एक बाटली. तहान लागायच्या आधी प्यायचं. तहान लागली म्हणजे उशीर झाला, ध्यानात ठेवा."

हे मला सांगायची गरज नव्हती. एप्रिलमध्ये आमच्यातले घोरपडे उन्हात पळताना रस्त्यातच कोसळले होते. अंगात पाणी राहिलं नव्हतं म्हणून दोन दिवस सलाईनवर होते. ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. ओठ पांढरे, जीभ कोरडी, आणि रस्त्यावर पडलेला तो एवढा मोठा माणूस. तेव्हापासून मला पाण्याची धास्ती बसली होती, म्हणजे पाणी कमी पडण्याची. आणि सासूबाईंनी आदल्या संध्याकाळीच मला बजावलं होतं, "पोरीला सहा वर्षांची लेक आहे. तू घेऊन चाललीस, तूच धड परत आणायचीस."

"आणते की," मी म्हटलं होतं.

आम्ही साडेपाचला निघालो. धुकं एवढं की स्कूटरच्या दिव्यात फक्त तिची पाठ दिसायची. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा होत्या, पण दिसत नव्हत्या, नुसता औषध फवारल्याचा वास यायचा. तेजश्री हळूच पळायची. तिला घाई नव्हती कधीच. दहा मिनिटं पळायची, एक मिनिट चालायची, असं सरांनी शिकवलेलं.

तिसऱ्या किलोमीटरला मी पहिली बाटली पुढे केली.

"आत्ताच तर प्यायले गोदामात."

"घे."

तिने अर्धी प्यायली आणि परत दिली.

"पूर्ण संपव. अर्ध्या बाटलीनं काय होतंय?"

तिने संपवली. सहाव्याला तसंच. नवव्याला ती म्हणाली, "अक्का, घामच आला नाही हो. एवढ्या थंडीत कशाला?" मी म्हटलं, "घाम वाळतो, कळत नाही." हे वाक्य मी कुठेतरी ऐकलं होतं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण सांगताना माझा आवाज चढलेला असायचा आणि चढलेल्या आवाजापुढे ती गप्प बसायची.

पंधराव्याला वळायचं होतं. तिथे ती दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

"पोटात पाणी डुचमळतंय. पळताना ऐकू येतंय मला."

"येऊ दे. अजून निम्मं राहिलंय. घोरपडे विसरलीस काय?"

"नको हो अक्का, खरंच नको."

"माझ्यासाठी."

हे मी जेवणाच्या पंगतीतही म्हणायची. माझ्यासाठी एक पोळी, माझ्यासाठी अर्धी वाटी बासुंदी. आमच्याकडे पाहुणा पानावर हात आडवा धरतो आणि आम्ही त्या हाताच्या कडेने वाढतो. नको म्हणणाऱ्याला वाढलं की प्रेम झालं, अशी माझी समजूत. तिने ती बाटलीही संपवली.

एकविसाव्याला ती हाताची बोटं चोळत होती. "अंगठी रुतायला लागलीय," म्हणाली. तिच्या बोटांना सूज आली होती. मी म्हटलं, थंडीनं होतं. डोकं दुखतंय म्हणाली. मी म्हटलं, पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, आणि बाटली तिच्या तोंडाला लावली.

चोविसाव्याला ती रस्त्याच्या कडेला वाकली आणि ओकली. नुसतं पाणी आलं, अगदी स्वच्छ पाणी. मी तिची पाठ चोळली. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. आणि भ्यायलेल्या माणसाला एकच गोष्ट येत असते, तीच तो करत राहतो. मी खोक्यातून पुढची बाटली काढली.

"गेलं तेवढं भरून काढायला पाहिजे. हळूहळू पी."

"स्कूटरवर बसू का, अक्का?"

आज अकरा वर्षं झाली, पण त्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर अजून मला झोपेतून उठवतं. मी म्हटलं, "सहाच राहिले. सहा किलोमीटरसाठी कशाला सगळ्यावर पाणी सोडतीस?" माझ्या मनात होतं की आज तीस झाले तर बेचाळीस होतील, आणि तिने केले म्हणजे थोडेसे मीही केले. मी तिला बसू दिलं नाही.

त्यानंतर ती पळाली नाही, चालली. धुकं विरलं होतं, ऊन पडलं होतं. मी अगदी तिच्या शेजारून स्कूटर सरपटत नेत होते. सत्ताविसाव्यानंतर ती लेकीबद्दल म्हणाली, "सानिकाची शाळा सुटली का?"

"आज रविवार आहे तेजू. सानिका भाऊजींबरोबर सांगलीला लग्नाला गेलीय की."

"हां," ती म्हणाली. शंभर-एक पावलांनी पुन्हा म्हणाली, "सानिकाची शाळा सुटली का?"

मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण हसू आलं नाही. तेव्हा मी तिला स्कूटरवर बसवलं. तिने माझ्या कमरेला हात घातला नाही. मी एका हाताने तिचे हात धरून, दुसऱ्या हाताने गाडी चालवत गोदामापर्यंत आले. कशी आले, देव जाणे.

सर दारातच उभे होते. तिच्याकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. "पाणी कमी पडलं," ते म्हणाले. "मीठ-साखर घातलेलं आहे, हे घ्या." त्यांनी तांब्या पुढे केला आणि मी तो तिच्या तोंडाला लावला. निम्मं अंगावर सांडलं, निम्मं पोटात गेलं.

सरांनी सवयीने तिचे बूट काढून तिला काट्यावर उभं केलं. आम्ही दोघांनी दोन्ही बाजूंनी तिचे हात धरले आणि काटा बघण्यापुरते सोडले.

"त्रेपन्न पॉइंट सहा," सर म्हणाले आणि काट्याकडे बघत राहिले. "असं कसं? वाढलंय?"

"जाकीट घातलंय का बघा."

"जाकीट कुठंय? काटा बिघडलाय. काल हमालांनी पेट्या आदळल्यात यावर." त्यांनी वहीत काही लिहिलं नाही.

तेवढ्यात तेजश्रीने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

ती चेष्टा करत नव्हती. तिच्या डोळ्यांत मी नव्हतेच. सरांनी मागचा-पुढचा विचार न करता गाडी काढली.

तासगावहून सांगली पंचवीस किलोमीटर. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी वाटेत भाऊजींना फोन लावला. भाऊजी म्हणजे विश्वजित, तिचा नवरा. मी एवढंच म्हटलं, "तेजूला चक्कर आलीय, तुम्ही लग्नातून थेट दवाखान्यात या." कवठे एकंद मागे पडलं आणि तिचं अंग एकदम ताठ झालं. दात घट्ट मिटले, डोळे वर गेले, हात-पाय झटके द्यायला लागले. मी ओरडले. सरांनी गाडी थांबवायला घेतली, मी आणखी जोरात ओरडले, "थांबू नका!" मिनिटभर ते चाललं असेल. मग ती सैल पडली आणि घोरल्यासारखा श्वास घ्यायला लागली. ती मेली असं मला वाटलं. मी तिच्या नाकापुढे हात धरून बसले, आणि प्रत्येक श्वासाला मनात म्हणत होते, अजून एक, अजून एक.

दवाखान्यात तिला स्ट्रेचरवरून आत नेलं. सरांनी दारातच सांगून टाकलं, "मॅरेथॉनचा सराव करत होती, तीस किलोमीटर पळालीय, डिहायड्रेशन आहे." आतल्या माणसाने लगेच सलाईन लावलं. थोड्या वेळाने एक डॉक्टरीणबाई आल्या, डॉ. मुजावर. तिशीच्या असतील. त्यांनी तेजश्रीच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, जीभ बघितली, सुजलेली बोटं बघितली आणि कपाळाला आठी घातली. रक्त काढून तपासायला पाठवलं.

"बरोबर कोण होतं?"

"मी," मी म्हटलं.

तेवढ्यात भाऊजी आले. लग्नाचा झब्बा, कपाळाला अजून अक्षता चिकटलेल्या. त्यांनी पडद्याआडून बायकोकडे बघितलं आणि माझ्याकडे वळले.

"वहिनी, तुम्ही बरोबर होता ना? साधं पाणी नाही पाजलं तिला? चार तास पळवलीत आणि पाणी नाही दिलंत?"

मी लग्न होऊन आल्यापासून भाऊजींनी माझ्याशी आवाज चढवला नव्हता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी गोदामापासून रडू दाबून ठेवलं होतं, ते रागाच्या रूपाने बाहेर पडलं.

"नाही पाजलं? मी नाही पाजलं? दर तीन किलोमीटरला अर्धा लिटर पाजलंय! निघताना एक, वाटेत नऊ, परत आल्यावर तांब्याभर! नको नको म्हणत होती, तोंडाला लावून पाजलंय! ओकली तरी पुन्हा पाजलंय! सहा लिटर पाणी घातलंय मी तिच्या पोटात, आणि मला विचारता पाणी दिलं का म्हणून?"

डॉ. मुजावर लिहिता लिहिता थांबल्या.

"किती म्हणालात?"

"सहा लिटर," मी छाती पुढे काढून म्हटलं.

"लघवीला किती वेळा गेली?"

मी आठवलं. "एकदाही नाही."

"वजन केलंत का, आधी-नंतर?"

सर हळूच म्हणाले, "दोन किलो दोनशे ग्रॅम वाढलं. पण काटा बिघडला होता..."

"काटा बरोबर होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या वळल्या, पडदा सारला आणि चालू असलेलं सलाईन स्वतःच्या हाताने बंद केलं. मग सिस्टरला काहीतरी भराभर सांगितलं आणि वेगळी, छोटी बाटली मागवली.

परत आल्यावर त्यांनी आम्हाला सांगितलं. पाणी कमी पडलेलं नव्हतं, अति झालं होतं. थंडीत, सावकाश पळताना घाम फार जात नाही, आणि अशा वेळी शरीर लघवीही रोखून धरतं. पाणी आत साचत जातं, रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. आता घट्ट मिठाचं औषध थोडं थोडं देऊन बघायचं. "तुम्ही आकडा सांगितलात हे बरं झालं," त्या मला म्हणाल्या. "नाहीतर आम्हीही पाणीच चढवत बसलो असतो."

"वाचेल ना?" भाऊजींनी विचारलं.

"पुढचे काही तास बघू," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला शाबासकीच दिली होती म्हणायची. पण मी जे ओरडून ओरडून सांगितलं होतं, त्यातला शब्द न् शब्द आता माझ्याकडे परत यायला लागला. तोंडाला लावून पाजलंय. ओकली तरी पाजलंय. भाऊजी माझ्या बाकावरून उठले आणि समोरच्या बाकावर जाऊन बसले. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

रिपोर्ट आला. सोडियम एकशे सतरा. एकशे पस्तीसच्या वर पाहिजे असतं, हे मी त्या दिवशी शिकले आणि अजून विसरलेले नाही. मी त्या बाकावर बसून देवाशी बोलणी केली नाहीत. मला देवाचं तोंड बघायची लाज वाटत होती. माझ्या डोळ्यांपुढे सानिका येत होती, लग्नातून परकर-पोलकं घालून येणारी. तिला काय सांगायचं? तुझ्या आईला काही रोग नव्हता, कुणी गाडीखाली घातलं नाही, तुझ्या मोठ्या आईनं तिला पाणी पाजलं?

दुपारी सासूबाई आल्या. जिना चढून धापा टाकत होत्या.

"काय झालं गं कुंदा?"

"मी पाणी जास्त पाजलं तिला."

"म्हणजे काय?"

"लई पाजलं. त्यानंच झालं."

सासूबाई माझ्याकडे खुळ्यासारख्या बघत राहिल्या. "पाण्यानं कोण मरतंय काय?" त्या म्हणाल्या. मग भाऊजींकडे बघितलं, भाऊजींनी मान खाली घातली, आणि सासूबाईंचा हात माझ्या खांद्यावरून आपसूक खाली गेला. त्या भाऊजींच्या बाकावर जाऊन बसल्या. लाड सर जिन्याच्या पायरीवर बसून होते, ते संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाहीत.

चारच्या सुमाराला सोडियम एकशे बावीस झालं. सहाला एकशे चोवीस. एकदम वाढवायचं नसतं, त्यानेही मेंदूला इजा होते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे घाईही करायची नाही आणि उशीरही करायचा नाही. मला उभ्या जन्मात हे कधी जमलं नव्हतं. तिला आणखी एक झटका आला नाही, एवढ्यावर आम्ही तो दिवस ढकलला.

सोमवारी सकाळी भाऊजी सानिकाला बघायला पाहुण्यांकडे गेले आणि जाताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसा तुम्ही तिच्यापाशी." मी स्टुलावर बसले. नऊ वाजले असतील. तेजश्रीने डोळे उघडले, छताकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अक्का," ती म्हणाली.

तिने मला ओळखलं होतं. मी तिचा हात धरला. अंगठी सिस्टरने कापून काढली होती, तिथे लाल वळ होता.

"किती झाले?" तिने विचारलं.

"काय किती?"

"किलोमीटर."

"सत्तावीस-अठ्ठावीस."

"तीस नाही झाले?"

"मरू देत ते तीस."

तिने जीभ ओठांवरून फिरवली. ओठांना सालपटं आली होती.

"पाणी द्या ना थोडं."

सिस्टरने सकाळीच मला दटावलं होतं. दिवसभरात मोजून दिलं जाईल, तेही त्या देतील, नातेवाइकांनी थेंब द्यायचा नाही. उशाशी कुणीतरी भरून ठेवलेला तांब्याही त्यांनी उचलून नेला होता.

"डॉक्टर नको म्हणाल्यात," मी म्हटलं.

"घोटभर."

"नाही तेजू."

"अक्का, घसा कोरडा पडलाय हो. एकच घोट."

"नाही देता येत गं."

तिने डोळे मिटून घेतले. मग अगदी हळू, रागाने नाही, जसं घडलं तसं सांगितल्यासारखं म्हणाली, "काल मी नको नको म्हणत होते, तेव्हा पाजलंत. आज मागतीय, तर देत नाही."

मला हुंदका आला. मी पदर तोंडात कोंबला. नऊ वर्षांत मी तिला हजार गोष्टी सांगितल्या होत्या, पण एक कधी सांगितली नव्हती, ती तेव्हा सांगितली. "चुकलं माझं, तेजू. तू सांगत होतीस, मी ऐकलंच नाही."

तिने डोळे उघडले नाहीत. माझा हात मात्र सोडला नाही.

मी उठून सिस्टरकडे गेले आणि हात जोडले. सिस्टरने एका वाटीत जरासं पाणी आणि कापसाचा बोळा दिला. "नुसते ओठ ओले करा," म्हणाल्या. मी परत येऊन बोळा पिळला आणि तिच्या खालच्या ओठावरून फिरवला. मग वरच्या ओठावरून. तिने ओठ मिटून तो ओलावा चाखला, तिच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली. मी बोळा पुन्हा भिजवला, पुन्हा फिरवला. माझा हात सवयीने तिसऱ्यांदा वाटीकडे गेला.

"बास, अक्का," ती म्हणाली.

मी बोळा वाटीत ठेवला आणि वाटी खाली ठेवली.